टोकियो डोममध्ये क्विल्टं बघताना

बेसबॉलच्या स्टेडियममध्ये क्विल्टांचं, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्यांचं, प्रदर्शन भरतं, असं फोनवर सांगितलं तेव्हा मी थट्टा करतेय असं मावशींना वाटलं. ‘स्टेडियमात? आणि पाऊस आला तर?’ छप्पर आहे, म्हटलं. ‘बरं, माणसं किती येतात?’ आठवडाभरात दोन लाखांच्या वर, असं सांगितल्यावर पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाल्या, ‘माझंही तिकीट काढून ठेव.’

मावशी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मावशी. सांगलीला मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. जानेवारी २०२० मध्ये त्या आमच्याकडे टोकियोत निशी-कासाईला राहायला आल्या आणि त्यांच्यामुळे मला हे प्रदर्शन शिवणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघायला मिळालं. मी जवळच्या एका क्लासला क्विल्ट शिकायला जाते खरी, पण सुई हातात धरली तीच मुळी जपानमध्ये आल्यावर.

‘टोकियो इंटरनॅशनल ग्रेट क्विल्ट फेस्टिव्हल’ हे प्रदर्शनाचं पूर्ण नाव. २००२ पासून ते दर जानेवारीत टोकियो डोममध्ये भरायचं. आयोजकांमध्ये एनएचके, म्हणजे तिथलं दूरदर्शन. तिकीट तेव्हा दोन हजार येनच्या आसपास होतं. आधी काढलं तर थोडं स्वस्त, आणि ते कोपऱ्यावरच्या कोनबिनीतल्या, म्हणजे छोट्या किराणा दुकानातल्या, मशीनवरही मिळायचं. माझ्या क्लासच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षिकेनं, आदल्या आठवड्यात मला समोर बसवून डोमचा नकाशा काढून दिला होता. शनिवार-रविवार टाळा. बक्षिसांच्या क्विल्टांसमोर सकाळी जाऊ नका, सगळ्या बायका डबे खायला बसतात तेव्हा जा. खरेदी शेवटी करा, नाहीतर दिवसभर ओझं वाहाल. आणि पायात सपाट बूट घाला. मावशींनी साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि पायात बूट असा जामानिमा केला.

तोझाई लाइननं इइदाबाशी, तिथून पिवळ्या पट्ट्याच्या सोबू लाइननं एकच स्टेशन, सुइदोबाशी. इइदाबाशीला गाडी बदलतानाच कोण कुठं निघालंय ते कळायला लागलं. साठी-सत्तरीच्या बायका, दोघी-तिघींच्या गटानं, आणि प्रत्येकीच्या खांद्याला स्वतः शिवलेली पिशवी. मावशी डब्यात उभ्या राहून शेजारणीच्या पिशवीकडे इतक्या एकटक बघत होत्या की शेवटी त्या बाईंनी हसून पिशवी पुढे केली. मावशींनी ती उलटी करून आतलं अस्तर बघितलं, मान डोलावली आणि परत दिली. दोघींमध्ये एक शब्दही झाला नाही.

डोमच्या दाराशी रांग लांब होती, पण भराभर सरकत होती. आत जायला गोल फिरणारी दारं आहेत, आणि त्याला कारण आहे. हे छप्पर खांबांवर उभं नाही, हवेवर उभं आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.३ टक्के जास्त ठेवतात, पंखे सतत हवा भरत असतात, आणि तेवढ्या जोरावर काचतंतूंच्या कापडाचं दुहेरी छत ताणलेलं राहतं. साधी दारं उघडीच राहिली तर हवा निघून जाईल. १९८८ मध्ये हे स्टेडियम उघडलं, योमिउरी जायंट्स या संघाचं ते घरचं मैदान. मी हे सगळं सांगत होते, आणि मावशींनी त्यातलं नेमकं एकच उचललं: ‘म्हणजे छप्परही कापडाचंच की!’

आत शिरतो ते प्रेक्षकांच्या सज्जात. तिथून खाली मैदान दिसतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्यानं तिथंच दोन मिनिटं थांबावं. ज्या मैदानावर एरवी बेसबॉल चालतो, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या पडद्यांनी आखून काढलेलं होतं. पडद्यांवर क्विल्टं, मधल्या गल्ल्यांतून मुंगीच्या पावलानं सरकणारी माणसं, आणि एका अर्ध्यात नुसती दुकानं. खाली उतरायचा जिना उभा आणि अरुंद. उजव्या हाताला धरायला गज होता, डाव्या हाताला मावशींनी मला धरलं.

सेन्सेईंचा सल्ला मानून आम्ही आधी ‘वा’ विभागात गेलो. स्पर्धेत बरेच विभाग असायचे: पारंपरिक, स्वतःच्या कल्पनेची, जपानी धाटणीची म्हणजे ‘वा’, चौकटीत बसवलेली छोटी, पिशव्या, मुलांची, गटानं केलेली. सगळ्यांतून एकाला ‘निहोन क्विल्ट’ महापुरस्कार. ‘वा’मध्ये बहुतेक कापड जुन्या किमोनोंचं. किमोनोचं कापड जेमतेम ३६ सेंटिमीटर रुंद आणि बारा मीटरच्या आसपास लांब विणलेलं असतं. त्याचे सरळ पट्टेच कापतात, गळ्याच्या गोलाईसाठी किंवा मुंढ्यासाठी कातर चालवत नाहीत. पूर्वी धुवायचा झाला की किमोनो उसवून पुन्हा सलग पट्टे करत, ते धुऊन ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. त्यामुळे आजीचा किमोनो उसवला की नातीच्या हातात सरळ, सलग कापड येतं. मावशींना हे फार पटलं. ‘आमच्या पोरींना ब्लाउज बेतायला शिकवताना निम्मं कापड कातरणात जायचं,’ म्हणाल्या.

किमोनोतलं चिरिमेन रेशीम मात्र शिवायला द्वाड. पिळाच्या सुतामुळे ते अंगचंच सुरकुतलेलं आणि ताणलं की वाढणारं. म्हणून पाठीमागे पातळ चिकट अस्तर इस्त्रीनं लावून मग कापतात. एका क्विल्टवर अशाच चिरिमेनचे शेंदरी, जांभळे, मोरपंखी तुकडे आसानोहा नक्षीत जोडलेले होते. आसानोहा म्हणजे अंबाडीसारख्या ताग देणाऱ्या झाडाचं पान. जपानमध्ये बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी हमखास असते, कारण ते झाड सरळसोट आणि झपाट्यानं वाढतं. तिचे अणकुचीदार त्रिकोण बारा-बारा एका बिंदूला येऊन भिडतात. मावशींनी चष्मा कपाळावर चढवला, दोरीपर्यंत वाकल्या आणि त्या बिंदूंवरून नजर फिरवत गेल्या. बारा तुकडे एका ठिकाणी आले म्हणजे त्यांच्या दुमडलेल्या कडाही तिथंच गोळा होणार, तिथं गाठीसारखा उंचवटा येणार. तो येऊ नये म्हणून पाठीमागच्या कडा सगळ्या एकाच दिशेनं, भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या पाडून दाबतात. समोरून हे दिसत नाही, पण जिथं ते नीट जमलेलं नसतं तिथं प्रकाश पडला की लहानशी सावली पडते. एका कोपऱ्यात मावशींना ती सावली सापडली. ‘इथं कंटाळली,’ एवढंच म्हणाल्या.

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. शाळेत त्या आधी उलटी बाजू बघून मार्क द्यायच्या, आणि इथं उलटी बाजू कुठंच दिसत नव्हती. एका क्विल्टची कड उचलायला त्यांचा हात पुढे गेला तशी स्वयंसेवक मुलगी धावत आली, कमरेत वाकली आणि दोन्ही हातांनी फुली करून दाखवली. मावशींनीही तितक्याच अदबीनं वाकून हात मागे घेतला.

तुकडे जोडून वस्त्र करणं जपानला नवं नाही. बौद्ध भिक्षूंचं ‘केसा’ हे वस्त्र पट्टे जोडूनच शिवतात. मूळ कल्पना आपल्याकडची, मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारखी आखणी करून चिंध्यांतून चीवर शिवायची. नाराच्या शोसोइन या जुन्या भांडारात आठव्या शतकातली अशी वस्त्रं जपलेली आहेत. सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केनशिन याचा जरीच्या तुकड्यांचा अंगरखा योनेझावाच्या देवळात आहे. आणि उत्तरेला, त्सुगारूच्या थंडीत, जिथं कापूस पिकतच नव्हता तिथं, १७२४ च्या हुकमानं शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाच बंदी होती. तिथल्या बायकांनी निळीत रंगवलेल्या तागाच्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्यानं इतके दाट टाके भरले की वाऱ्याला शिरायला जागा राहू नये. तीच कोगिन कशिदाकारी. ठिगळावर ठिगळ चढवून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या बोरो कपड्यांचा एक अप्रतिम संग्रह टोकियोतच असाकुसाला अम्यूज म्युझियममध्ये होता. मला मावशींना तिथं न्यायचं होतं, पण ते २०१९ च्या मार्चमध्येच बंद झालं.

असं असलं तरी डोममध्ये जे लटकलेलं होतं त्यातलं बरंचसं या वाटेनं आलेलं नाही. ते आलं अमेरिकेतून, आणि तेही अलीकडे. १९७० च्या दशकात अमेरिकन क्विल्टांची प्रदर्शनं जपानमध्ये भरली, नवऱ्यांच्या बदलीमुळे तिकडे राहिलेल्या बायका शिकून आल्या, मासिकं निघाली, क्लास सुरू झाले. शिझुको कुरोहा या अशाच अमेरिकेत राहताना क्विल्टकडे वळल्या, आणि परत आल्यावर त्यांनी जुनी निळीची कापडं हाती घेतली. आकृत्या अमेरिकन, कापड आजोळचं. निळीच्या क्विल्टांपुढे मी सगळ्यात जास्त रेंगाळले. लांबून सगळं एकच निळं दिसतं. जवळ गेलं की दहा-बारा निळ्या वेगळ्या होतात: शेतात घालून विटलेली, जवळजवळ काळी, हिरवट झाक असलेली, एका कडेला ऊन खाल्लेली. काही कापडं कासुरी, म्हणजे आपल्या इकतसारखी सूत आधी बांधून रंगवलेली. कुरुमे गावची कासुरी इनोउए देन नावाच्या मुलीनं बारा-तेरा वर्षांची असताना शोधली असं मानतात. ती १७८८ मध्ये जन्मली. विटलेल्या कपड्यावरचे पांढरे ठिपके बघून तिनं ते कापड उसवून बघितलं आणि ठिपके कसे पडले असतील याचा माग काढला. मावशींना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी तिचं नाव पर्समधल्या वहीत लिहून घेतलं.

मग नामांकित क्विल्टकार योको साइतोंच्या धाटणीची क्विल्टं. जपानी क्विल्ट म्हटलं की जगभर आज जो रंग डोळ्यांपुढे येतो तो यांचा: तोप. करडा, राखी, मातकट, भिजलेल्या पुठ्ठ्याचा, आणि त्यांच्या मधले सगळे. ‘असल्या रंगाचं लुगडं कुणी आहेरातसुद्धा देणार नाही,’ असं मावशी म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मी त्यांना परत बोलावलं. यातलं कापड बहुतेक सूत आधी रंगवून मग विणलेलं असतं, त्यामुळे त्यात बारीक रेघा, चौकडे, गाठी अंगच्याच असतात, आणि कधी कधी त्याची उलटी बाजूही सुलट म्हणून वापरतात. समोरच्या क्विल्टवर एक गाव होतं. घर अंगठ्याएवढं. भिंत एका करड्याची, सावलीतली भिंत दुसऱ्या करड्याची. खिडकी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, चारी कडा आत दुमडून लपलेल्या टाक्यांनी बसवलेला, आणि खिडकीचा गज म्हणजे तपकिरी दोऱ्याचा एकच टाका. एका घराबाहेर दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यांतल्या एका सदऱ्याला बटणं होती. प्रत्येक बटण एका फ्रेंच गाठीचं. मावशींनी सदरा बघितला, बटणं मोजली. ‘काजंही केलीत गं हिनं,’ त्या म्हणाल्या, आणि आवाजात पहिल्यांदाच मास्तरीण नव्हती.

तिथून पुढच्या गल्लीत मात्र माझा उत्साह ओसरत गेला. हा भाग नामांकित शिक्षिकांच्या शिष्यांचा. तोप शिकवणाऱ्या बाईंच्या शिष्यांची सगळी क्विल्टं तोप. हवाइयन क्विल्ट शिकवणाऱ्या बाईंच्या शिष्यांची सगळी दोन रंगी: कापड आठ पदरी दुमडून कापलेलं एकच मोठं फूल, आणि भोवती त्याच आकाराच्या टाक्यांच्या लाटा. हवाईचं जपानी बायकांना विलक्षण वेड, आणि टीव्हीवरच्या कॅथी नाकाजिमांनी ते क्विल्टमध्ये रुजवलं. काम सगळ्यांचं चोख. एका सेंटिमीटरला तीन टाके, वर तितके, खाली तितके. पण चौथ्या-पाचव्या क्विल्टनंतर मला कार्डावरचं नाव वाचायची गरज वाटेना. शिक्षिकेचं नाव कळलं की पुरे.

याचं कारण क्लासच्या रचनेत आहे. जपानमध्ये क्विल्ट हा नुसता छंद म्हणून शिकता येतो, पण बहुतेक जणी पायऱ्यांनी शिकतात. आधी मूळ अभ्यासक्रम, मग वरचा, मग शिक्षिकेचा, त्यापुढे मार्गदर्शिकेचा. प्रत्येक पायरीला ठरलेली कामं, ठरलेली फी, शेवटी प्रमाणपत्र. सुरुवात होते ती सॅम्पलरनं: दरेक चौकोनात वेगळी आकृती, सगळं हातानं, शिलाईसाठी सोडायचं कापड ७ मिलिमीटर म्हणजे ७ मिलिमीटर. चहाचा विधी आणि फुलांची मांडणी तिथं पिढ्यान्‌पिढ्या अशाच शिकवत आल्या आहेत. अमेरिकेतून आलेली गोधडीही त्यांनी त्याच साच्यात ओतली. गाण्यातल्या घराण्यासारखं आहे हे. गंडा बांधला की वीस वर्षं त्याच गळ्यानं गायचं, आणि त्यानंतर एखादीला स्वतःचा सूर सापडायचा. सफाई येते ती यातूनच, आणि सगळं एकसारखं दिसतं तेही यातूनच. माझ्या क्लासमध्ये मी एकदा ठरलेल्या बेजऐवजी राणी रंग लावू का विचारलं होतं. सेन्सेई खूप गोड हसल्या आणि मला बेजचे चार पर्याय आणून दिले.

मावशींचं मत माझ्या उलट पडलं. ‘पहिली दहा वर्षं सगळ्या पोरींनी सारखंच शिवावं. वेगळेपणाच्या नावाखाली वाकडे टाके खपवणाऱ्या मी भरपूर बघितल्यात.’

दुपारी बाराला सगळा डोम जेवायला बसला. ही मला या प्रदर्शनातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. खाली मैदानात जेवायची सोय नव्हती, म्हणून हजारो बायका जिने चढून प्रेक्षकांच्या खुर्च्यांत यायच्या, मांडीवर रुमाल पसरायच्या आणि डबे उघडायच्या. जिथं एरवी बिअर पिऊन आरडाओरडा चालतो तिथं ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, लोणचं आणि थर्मासातला चहा. बऱ्याच जणींच्या तोंडाला मास्क होते, ते खाण्यापुरते हनुवटीवर उतरले. हिवाळ्यात तिथं मास्क नेहमीचाच, त्या आठवड्यात त्याकडे कुणी वेगळ्या अर्थानं बघत नव्हतं. आमच्या डब्यात मेथीचे ठेपले होते. शेजारच्या बाई बसनं आल्या होत्या. लांबच्या गावांतून खास या प्रदर्शनासाठी बसच्या सहली निघायच्या. त्यांनी मावशींना एक संत्रं दिलं, मावशींनी त्यांना ठेपला. स्वच्छतागृहाची रांग बघून मात्र हबकायला झालं. पुरुषांच्या काही स्वच्छतागृहांवर कागद चिकटवून ती बायकांना दिलेली होती, तरी रांग वळणावळणानं गेलेली. पुरुष होतेच कुठं? होते ते बायकांच्या पिशव्या सांभाळत सज्जात डुलक्या काढत होते.

सेन्सेईंचं गणित बरोबर निघालं. बारा ते एक बक्षिसांची गल्ली बऱ्यापैकी मोकळी होती. तरी मोठ्या क्विल्टांपुढे ‘चालत राहा’ म्हणणारी माणसं उभीच. पाच पावलांत एक क्विल्ट संपवायचं, एवढाच हिशोब. स्वतःच्या कल्पनेच्या विभागात निसर्गचित्रं फार. फुजी, बर्फ, सारस, पुन्हा फुजी. त्यातली करामत कळते, पण फुजी हुबेहूब दाखवायचाच असेल तर कॅनव्हास काय वाईट? कापडाला कापड राहू दिलेलं मला बरं वाटतं.

पारंपरिक विभागात मी ज्याच्यापुढून हलेना ते क्विल्ट अगदी साधं होतं, आणि त्याला बक्षीसही नव्हतं. नुसते षटकोन, बाजू जेमतेम सेंटिमीटरभर. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चा दोरा घालायचा, असे दोन षटकोन सुलट बाजू आत ठेवून कडेकडेनं बारीक टाक्यांनी जोडायचे, मग तिसरा, मग चौथा. सगळ्या बाजू जोडून झाल्या की कागद काढून घ्यायचा. दोन मीटर गुणिले दोन मीटरभर हे. सगळी कापडं पुरुषांच्या शर्टांची: बारीक रेघा, फिका निळा, पांढऱ्यावर करड्या चौकड्या. एका षटकोनात शर्टाच्या खिशाची उसवलेली शिवण तशीच ठेवलेली, तिथलं कापड भोवतीच्यापेक्षा गडद, ऊन न लागलेलं. कार्डावर बाईंचं नाव, नागानो हा प्रांत आणि क्विल्टचं शीर्षक: ‘सोमवार ते शनिवार’.

‘नाव लिहिलंय ते बरं,’ मी म्हणाले. ‘आपल्याकडे गोधडीवर कुणी नाव घालतं का?’

‘घालायचं कशाला? घरात कुणी शिवली ते सगळ्यांना ठाऊक असतं.’

‘घराबाहेर?’

‘घराबाहेर गोधडी कशाला जातेय?’ यावर आमचं जमलं नाही, आणि मागून ‘चालत राहा’ आलंच.

मुलांच्या विभागात एका दुसरीतल्या मुलानं डायनासोर केला होता, त्याचे टाके नखाएवढे. मावशींनी त्याला मनातल्या मनात दहापैकी आठ दिले. पिशव्यांचा विभाग आम्ही चालत्या पावलांनी उरकला. पिशव्या सकाळपासून गाडीत, रांगेत, सज्जात बघतच होतो.

मग दुकानं. इथं माणूस माणसाला चिकटून. कापड दहा सेंटिमीटरच्या हिशोबानं कापून देतात. आपण ‘अर्धा मीटर’ म्हणायच्या ऐवजी ‘पाच’ म्हणायचं. तुकड्यांचे गठ्ठे टोपलीत, जुन्या किमोनोंचे पट्टे वजनावर, आणि सगळ्यांच्या वर विक्रेत्यांच्या आरोळ्या, ज्या ऐकून मावशींना एकदम मंडईत आल्यासारखं वाटलं. एवढं कापड खपतं कसं, हा प्रश्न पडतो. त्याचं एक उत्तर बालवाडीत आहे. एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आयांनी मुलांसाठी दप्तराची पिशवी, बुटांची पिशवी, डब्याची पिशवी शिवायची, अशी तिथं बऱ्याच बालवाड्यांची अपेक्षा असते, आणि मापंही लिहून देतात. म्हणजे सुई कधीच न धरलेल्या बाईलाही एकदा तरी या दुकानात यावंच लागतं.

मावशी कापडाला भुलल्या नाहीत. त्या सुयांच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या. हिरोशिमा हे जपानचं सुयांचं गाव. तिथल्या ट्यूलिप कंपनीच्या सुया बुचाच्या काचेच्या नळीत येतात. विक्रेत्यानं समजावलं की या सुयांना पॉलिश लांबीच्या दिशेनं करतात, आडवं नाही, म्हणून त्या कापडातून अडखळत नाहीत. मावशींनी एक सुई मागितली, ठेवलेल्या तुकड्यावर धावदोऱ्याचे सात-आठ टाके सुईवर एकदम भरले आणि ओढून घेतले. विक्रेता बघतच राहिला. मग त्यानं आपलं अंगुस्तान दाखवलं. साशिकोचं, म्हणजे धावदोऱ्याच्या जपानी भरतकामाचं, अंगुस्तान बोटाच्या टोकावर नसतं. मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठीसारखं घालतात आणि त्याची चकती तळहातावर येते. लांब सुईचा मागचा भाग त्या चकतीवर टेकवायचा, आणि सुई जागची न हलवता दोन्ही हातांनी कापडच वर-खाली नाचवत सुईवर चढवायचं. मावशींना पहिल्यांदा जमेना, तिसऱ्यांदा जमलं. अंगुस्तान आणि तीन नळ्या सुया घेतल्या. मोडलेल्या सुया फेकू नका, असं विक्रेता जाता जाता म्हणाला; आठ फेब्रुवारीला असाकुसाच्या सेन्सोजी देवळात सुयांचा दिवस असतो, मोडक्या आणि गंजक्या सुया मऊ टोफूत टोचून त्यांचे आभार मानतात. ‘आमच्याकडे दसऱ्याला मशीनला हळद-कुंकू वाहतात, पण सुईला कुणी विचारत नाही,’ असं मावशींनी मला त्याला सांगायला लावलं.

बाहेर पडताना मात्र थोडा वेळ साधी दारं उघडलेली होती. आतली हवा पाठीवर असा धक्का देते की पाऊल आपलं आपणच पुढे पडतं. मावशींचा पदर आमच्या दोघींच्या पुढे गेला.

पुढच्या वर्षीचं प्रदर्शन कोविडमुळे झालंच नाही. पण त्या आठवड्यात तसं काही कुणाच्या मनातही नव्हतं, आणि मी मावशींना क्लासला घेऊन गेले. सेन्सेईंनी चहा दिला आणि कसं वाटलं ते विचारलं. मी भाषांतर करत होते. मावशींनी आसानोहाच्या कोपऱ्यातली ती सावली सांगितली. सेन्सेईंनी ते क्विल्ट बरोबर ओळखलं, त्यांनाही तिथंच खटकलं होतं. मग मावशी म्हणाल्या, ‘त्यांना म्हणावं, परीक्षकांचं एक चुकतं. बक्षीस देण्याआधी क्विल्ट एकदा धुऊन बघायला पाहिजे.’ मला हे सांगायला जरा संकोच वाटला, पण सांगितलं. सेन्सेई हसल्या नाहीत. कपाटातून त्यांनी स्वतःचं एक निळीचं क्विल्ट काढलं आणि त्याचा पांढरा पट्टा दाखवला, जो एका पावसाळ्यात फिका निळा होऊन गेला होता. तेव्हापासून त्या कुठलंही कापड आधी पाण्यातून काढल्याशिवाय कापत नाहीत. मावशींनी ते क्विल्ट हातात घेतलं, आणि दिवसभर जे जमलं नव्हतं ते आता विचारून केलं: उलटं करून बघितलं.